अण्णांच्या नाडीची वही

मार्च लागला, की आमच्या दवाखान्यात माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर पेशंटांच्या जोडीला काही धडधाकट पोरीही बसलेल्या दिसतात. मांडीवर लांब वही, वहीला खाकी कव्हर, कव्हरवर स्केचपेनने काढलेलं एक लालभडक सफरचंद. ह्या गृहविज्ञानाच्या पोरी. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली की ह्यांना आहारतज्ज्ञाची सही लागते, आणि जालन्यात ती माझ्याकडे सोपी मिळते असा माझा लौकिक आहे. मी वही उघडते. ‘सकाळी : एक ग्लास दूध, एक फळ. दुपारी : दोन पोळ्या, वरण, पालेभाजी, कोशिंबीर, ताक.’ इतकं शहाण्यासारखं कुठल्याच घरात कुणी रोज जेवत नाही, हे मला ठाऊक असतं. तिलाही असतं.

“खरं लिहिलंस का गं?”

“हो मॅडम.”

मी सही करते. मला रागवायचा अधिकारच नाही. खोट्या वहीच्या बाबतीत ह्या पोरी माझ्यापुढे अगदीच कच्चं लिंबू आहेत.

जालन्यातला मार्च म्हणजे निम्मा उन्हाळाच. सकाळी कडुलिंबाच्या मोहोराचा वास असतो, दहा वाजेपर्यंत तो टिकतो, मग पत्रे तडतडायला लागतात. दारादारांत पाण्याची पिंपं, मोंढ्याच्या बाजारात नवी ज्वारी, हातगाड्यांवर मोसंब्यांचे ढीग. आणि दुपारी कधी वारा औद्योगिक वसाहतीकडून फिरला, तर त्यात तापलेल्या लोखंडाचा एक उग्र वास. नव्याने बदली होऊन आलेले लोक ह्या वासाला नाक मुरडतात. मला तो आला की अजूनही वाटतं, अण्णा सायकल लावताहेत.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे मंठा तालुक्यातले. गावाकडची थोडीशी जमीन धाकट्या भावाच्या हाती सोपवून ते जालन्याला आले आणि सळया ओढणाऱ्या एका मिलमध्ये लागले. काम भट्टीच्या तोंडाशी. आतून लालबुंद होऊन आलेला लोखंडाचा ठोकळा लांब दांड्याच्या चिमट्याने धरायचा आणि फिरत्या रुळांच्या तोंडात द्यायचा. पुन्हा दुसरा, पुन्हा तिसरा, पाळी संपेपर्यंत. अण्णांच्या भुवया पूर्ण वाढलेल्या मी लहानपणी कधी पाहिल्याच नाहीत. मला वाटायचं, बाप लोकांना भुवया कमीच असतात.

मी कॉलेजात गेले ती नव्वदीची सुरुवातीची वर्षं. मुख्य विषय आहारशास्त्र. त्याला एक जोडविषय घ्यावा लागे. यादीत भरतकाम होतं, बालसंगोपन होतं, आणि सगळ्यात खाली, छापायचं म्हणून छापल्यासारखं, व्यायामशास्त्र होतं. ते कुणी कधी घेतलेलं नव्हतं. मी घेतलं. फार मोठा विचार करून घेतलं असं आज सांगता येईल, पण खरं कारण एवढंच, की सुई-दोऱ्याशी माझं वाकडं होतं आणि खेळाच्या खोलीची खिडकी मैदानाकडे उघडायची.

नात्यातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. “पोरीच्या जातीनं कवायती करायच्या व्हय?” अण्णांनी फक्त एवढंच म्हटलं, “शिकून राह्यली ती. शिकू द्या.” माय, म्हणजे माझी आई, तिला ह्यातलं काही कळलं नाही, पण कॅनव्हासच्या बुटांना तिने घरच्या खडूने पांढरं केलं.

खेळाची खोली म्हणजे गोडाऊनच. गुंडाळलेल्या चटया, एक पाय तुटलेला लाकडी घोडा, मैदान आखायच्या चुन्याची पोती. त्या पोत्यांवर बसून मी हृदय शिकले. शिकवणारे आमचे खेळाचे सर. वर्गात विद्यार्थी एकच, तरी ते रोज हजेरी घेत आणि मी रोज “हजर” म्हणे. आहारशास्त्राच्या बाई मुख्य इमारतीत, वरच्या मजल्यावर. बाईंचं म्हणणं, माणसाचं सगळं भलंबुरं त्याच्या ताटात असतं. सरांचं म्हणणं, ताट खोटं बोलतं, नाडी बोलत नाही. दोघं एकमेकांशी कधी बोलत नसत. बाई म्हणायच्या, “तुझ्या सरांना विचार, वाऱ्यावर जगतात का त्यांचे पैलवान?” मी खाली येऊन तो निरोप सौम्य करून सांगायची. सर म्हणायचे, “तुझ्या बाईंना म्हणावं, एकदा मैदानाला फेरी मारा.” हा निरोप मात्र मी गिळायची. तीन वर्षं मी त्या दोघांमधला जिना होते.

शेवटच्या वर्षी मात्र दोघांनी मिळून मला एकच वही करायला सांगितली. एक माणूस घ्यायचा. चौदा दिवस तो काय खातो ते वाटी-चमच्यांनिशी लिहायचं, काय काम करतो ते तासांनिशी लिहायचं. सुरुवातीला आणि शेवटी त्याला तीन मिनिटं पायरी चढउतार करायला लावायचं आणि नंतर नाडी मोजायची. ती किती लवकर खाली येते, त्यावर माणसाची ताकद कळते. मी अण्णांना घेतलं. घरातच होते, पळून जाणार नव्हते.

ती पहिली संध्याकाळ. अण्णांचा सुट्टीचा वार. आमच्या दोन खोल्यांपुढे ओटा आणि ओट्याला एक चांगली उंच दगडी पायरी. अण्णा धोतर खोचून उभे, मी सरांचं स्टॉपवॉच गळ्यात घालून समोर, आणि गल्लीतली चार घरं आपापल्या दारात.

“चढा अण्णा. उतरा. चढा. उतरा.”

“ह्ये काय, मला भोवरा समजली का काय?” असं म्हणत अण्णा चढले-उतरले. तिसऱ्या मिनिटाला त्यांचं बोलणं थांबलं. मी त्यांना खाली बसवलं, मनगट धरलं. एक मिनिट गेलं, दोन गेली, तीन गेली. नाडी खाली येईना. अंगठ्याच्या मुळाशी ती नुसती धावत होती. मला वाटलं, मीच चुकीचं मोजते आहे. पुन्हा मोजली. अण्णा हसून म्हणाले, “पास का नापास?” आणि हसतानाही त्यांना धाप लागलेली होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही बघितली. आधी नाडीचं पान बघितलं, मग मला म्हणाले, “हा माणूस खातो काय?” मी आहाराचं पान उलटलं. सकाळी चहा. डब्यात दोन भाकरी, लसणाची चटणी, कांदा. त्यातली अर्धी भाकरी परत. दिवसभर चहा. संध्याकाळी भाकरी आणि पातळ वरण. भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला जेवण जात नाही, त्याला फक्त चहा आणि पाणी लागतं, हे मला त्या वहीने दाखवलं. इतकी वर्षं मी त्याच घरात जेवत होते.

“शोभा,” सर म्हणाले, “चढावर गाडी घातली आहे आणि टाकीत तेल न्हाई. यांना दवाखान्यात ने.”

त्याच आठवड्यात कामाचे तास लिहायला म्हणून मी मिलच्या फाटकाशी जाऊन बसले. अण्णांचे जोडीदार सलीमभाई चहा घेऊन बाहेर आले. मी काय लिहिते आहे ते त्यांनी विचारलं आणि मग इकडे-तिकडे बघून म्हणाले, “बेटी, तेरेकू घर में बोल्या क्या नहीं? पिछले महिने उसकू चक्कर आया. भट्टी के सामने. मैंने कॉलर पकडके पीछे खींच्या. एक हात का फासला था, बस.”

मी चहा तसाच ठेवला. भट्टीच्या तोंडाशी एक हात म्हणजे काय, ते मी फाटकाबाहेरूनही पाहू शकत होते.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला घेतलं. रक्त कमी, लोह कमी. गोळ्या दिल्या आणि दोन्ही वेळ नीट जेवा म्हणून सांगितलं. अण्णांना गंमत वाटली. “सारा दिवस लोखंडात काढतो मी, आन म्हणून राह्यले अंगात लोखंड न्हाई.” गोळ्यांची पुडी त्यांनी देवापुढे ठेवली आणि विसरून गेले. सकाळी डबा नेहमीसारखाच गेला. डॉक्टर काय, सांगतातच.

मी समजावलं. प्रथिनं म्हणाले, लोह म्हणाले, तक्ता काढून दाखवला. अण्णांनी मान डोलावली. आमच्या घरात शिकलेल्या पोरीपुढे मान डोलावायची पद्धतच होती, तिचा अर्थ होकार असा नसे. शेवटी वैतागून मी म्हणाले, “बघा अण्णा. वही परीक्षेला द्यायचीय. तिच्यावर मार्क आहेत.”

हे वाक्य मी सहज बोलले. पण त्याने जे झालं ते तीन वर्षांच्या शिक्षणाने झालं नसतं.

अण्णा सरळ होऊन बसले. “म्हंजी माझ्या खाण्यावर तुझे मार्क?”

“हो... म्हणजे, वहीवर.”

“आन नाडीवर?”

“तिच्यावर पण.”

अण्णांनी मायकडे बघितलं, मायने अण्णांकडे. त्या दोघांच्या मनात काय बसलं ते मला जरा वेळाने कळलं. त्यांना वाटलं, परीक्षा अण्णांची आहे. अण्णा नीट जेवले नाहीत, त्यांची नाडी नीट आली नाही, तर पोरगी नापास. दोघांच्या चार इयत्ता मिळूनही जेमतेम भरत होत्या. परीक्षा म्हणजे काय याचा त्यांना एवढाच अंदाज. आपल्यापायी पोरीचं वर्ष जाऊ नये, ह्या एका धसक्याने ते दोघं कामाला लागले.

माझ्या मनात आलं होतं, की परीक्षा माझी आहे हे सांगावं. नाही सांगितलं.

पहिल्या दिवशी मायने सरळ थाप मारली. मी वही घेऊन बसले, तशी चुलीपुढून म्हणाली, “लिही, दोन अंडी. आन मुगाची उसळ, वाटीभर.” अंडी आमच्या घरात होती, मायच्या चार कोंबड्या होत्या. पण ती अंडी गल्लीत विकायची असत, खायची नसत. मी तसंच लिहिलं : अंडी दोन, उसळ एक वाटी. माय ती अक्षरं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण लिहिलेलं कळत होतं.

“ही वही कुठं जाती गं?”

“औरंगाबादला. विद्यापीठात.”

ती उठली. कोंबड्यांच्या पाटीखालची दोन अंडी काढली, उकडायला टाकली. मूग आधीच भिजत होते का तिने तेव्हा शेजारून आणले, मला माहीत नाही. पण अण्णा सायकल लावून आत आले तेव्हा ताटात जे होतं ते वहीत होतं, तंतोतंत. “लिवलंय तर द्यावंच लागंल,” माय म्हणाली. “एवढ्या लांब जाणाऱ्या कागदावर खोटं कसं ठेवायचं?”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात उलटा कारभार सुरू झाला. जगात माणसं आधी जेवतात, मग लिहितात. आमच्याकडे सकाळी माय विचारी, “आज काय लिहायचं?” आणि मी जे लिहीन ते दुपारपर्यंत शिजे. मी धीट होत गेले. मेथी लिहिली, मेथी झाली. हुलग्याचं माडगं लिहिलं, झालं. शेंगदाण्याचा लाडू लिहिला तर गावाकडून आलेल्या शेंगा तिने दुपारभर फोडल्या. रक्ताच्या गोळ्या वेळेसह लिहिल्या, तर पुडी देवापुढून उठली आणि ताटाशेजारी आली. गोळीबरोबर चहा चालत नाही, आंबट फळ हवं, म्हणून मोसंबं लिहिलं. ते सलीमभाईंनी पुरवलं. त्यांच्या साडूची घनसावंगीकडे बाग होती.

आणि मिलमध्ये तर सगळी पाळीच परीक्षेला बसली. जेवणाच्या सुट्टीत अण्णा वजनकाट्याच्या चौथऱ्याची पायरी चढत-उतरत, आणि ताल चुकू नये म्हणून सलीमभाई रिकाम्या चिमट्याने लोखंडावर टोले देत. बाकीचे मोजत. डबा उघडला की कुणी आपल्यातलं कालवण पुढे करी, कुणी गुळाचा खडा. “खाव रंगनाथराव, पोरीचा पेपर हाय.” अण्णा घरी आल्यावर मला हिशोब देत, अगदी गंभीरपणे : “पावणेदोन भाकरी. त्यात पाव त्या परतूरवाल्याची, ती बाजरीची व्हती, तसं लिही.” इतका प्रामाणिक माहिती देणारा माणूस मला पुढे आयुष्यात भेटला नाही.

मी रोज तशा गंभीर चेहऱ्याने लिहीत होते आणि आतून भरून येत होतं. एखाद्या दिवशी अण्णा दुसरं अंडं खाऊ शकत नसत. उष्म्याने जीव नको झालेला असे. तरी माझ्याकडे बघत आणि पाण्याच्या घोटाबरोबर ते ढकलत. मला वाटायचं, सांगून टाकावं, की अण्णा, माझे मार्क असे नसतात. आणि मग सलीमभाईंचा तो एक हात आठवायचा.

पकडलं ते बाईंनी. वही तपासता तपासता थांबल्या, चष्मा वर केला. “आज तारीख काय गं?”

मी सांगितली.

“मग उद्याच्या दुपारी तुझ्या वडिलांनी पालक कसा खाल्ला?”

 मग मी सगळं सांगितलं, पहिल्या अंड्यापासून. बाई शिस्तीच्या, वहीत खाडाखोड झाली तरी पान फाडायला लावायच्या.  मला वाटलं, आता वही फेकतात. त्यांनी त्या उद्याच्या पानाखाली सही केली आणि म्हणाल्या, “वजनं बरोबर लिही. आणि पालकाबरोबर लिंबू लिहायचं राहिलंय.”

चौदाव्या दिवशी पुन्हा पायरी. या वेळी सरांना मी घरी बोलावलं होतं. नाडी उतरली, फार नाही, तीन मिनिटांनंतर पहिल्यापेक्षा बारा-चौदा ठोक्यांनी कमी. रक्त काही पंधरवड्यात भरत नाही. मला तेवढं पुष्कळ होतं. अण्णांचं तोंड मात्र उतरलं. “बस? एवढंच? एवढं खाऊन?” सरांकडे बघून हात जोडत म्हणाले, “साहेब, आणखी एक डाव चढू का?”

परीक्षा झाली. बाहेरगावच्या परीक्षक बाईंनी वही चाळली, दोन प्रश्न विचारले आणि मला जायला सांगितलं. मी उड्या मारत घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज म्हणून अण्णांच्या डब्याचं झाकण उचललं. दोन भाकरी. लसणाची चटणी. कांदा.

“माय, उसळ?”

“झाली न्हवं तुझी परीक्षा?” माय म्हणाली. ती आनंदात होती. पोरीचं काम तिने पार पाडलं होतं. देवाची पालखी गेल्यावर दारातली रांगोळी पुसावी, इतकं साधं.

झाकण हातात धरून मी उभी राहिले. गोळ्यांची पुडीही देवापुढे परत गेली होती. एप्रिल लागणार होता, आणि भट्टीपुढे एप्रिल कसा असतो ते मी फाटकातून पाहिलं होतं. खोटं बोलायला मला फार वेळ लागला नाही.

“झाली कुठं?” मी म्हणाले. “वही परत केली त्यांनी. चौदा दिवस पुरत नाहीत म्हणाले. पुढं चालू ठेवायचीय.”

“किती दिस?”

“ते सांगितलं न्हाई.”

माय पाटीखाली हात घालून अंडी काढू लागली.

असा एप्रिल गेला, मे गेला. मी नवी वही आणली. अण्णांच्या गालावरचे खड्डे जरा भरले. ओट्याची पायरी चढउतार केली, तरी बोलू शकत होते. मिलमध्ये पाहुण्या डब्यांचा उत्साह ओसरला होता, पण घरात वहीचा दरारा कायम होता.

मग जूनमध्ये निकाल लागला. आभाळ भरून आलं होतं, पाऊस मात्र नव्हता. कॉलेजच्या फलकावर माझं नाव वरच्या ओळींत होतं, पहिला वर्ग. मैत्रिणी पेढे आणायला धावल्या. मी एकटीच फलकापुढे उभी राहून विचार करत होते, की हे घरी सांगितलं तर उद्याच्या डब्यात काय असेल. अख्ख्या जालन्यात पास झाल्याची काळजी पडलेली बहुधा मी एकटीच असेन.

घरी येऊन सांगितलं, “निकाल राखून ठेवलाय.”

“म्हंजी?”

“वही पुरी व्हायचीय अजून.”

इतकं खोटं बोलल्यावर तोंड कडू होतं, हे मला त्या दिवशी कळलं.   अण्णा नुसते स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिले, दोष तिथे असल्यासारखे. त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी विसरू शकत नाही. अण्णा जेवायला बसत. मान खाली घालून, एकेक घास मन लावून खात. मी पुढ्यात वही घेऊन बसलेली. मला पुन्हा पुन्हा वाटे, हे मी काय चालवलंय. बापाला दोन घास जास्त जावेत म्हणून मी त्याच्या जिवाला घोर लावला होता.

एके दिवशी अण्णांना यायला उशीर झाला. पहिली पाळी दुपारीच सुटत असूनही पार पाच वाजले. मिलच्या कपड्यांतच आले, हातपाय धुतले, बसले. मी ठरवलं होतं, आज सांगायचंच. पण त्यांनीच आधी म्हटलं, “वही आण.”

मी आणली.

“मी इचारलं एका शिकल्याल्या माणसाला,” अण्णा म्हणाले. “एका माणसाच्या वहीवर निकाल देत न्हाईत म्हणं. घरातल्या जोडीचं लागतं. आजपासून तुझ्या मायचंबी लिहीत जा.”

मी चक्रावले. असा कुठला नियम नव्हता. पण नियम नाही असं कुठल्या तोंडाने सांगणार? माझ्या खोट्याला एक पाठराखण मिळाली होती आणि ती कुठून आली ते मला कळेना.

“माझं काय लिवायचं?” माय चुलीपुढून म्हणाली. “लिही की काहीबी.”

“काहीबी न्हाई,” अण्णा म्हणाले. “बराबर लिहायचं. औरंगाबादला जाती ती वही. चल, ताट घे तुझं. हितं, माझ्यापुढं.”

माय आमच्यासमोर ताट घेऊन बसली. ती कुणासमोर बसून जेवताना मी प्रथमच नीट पाहिली. तिने स्वतःला काय वाढून घेतलं होतं ते लिहायला मी पेन उघडलं, आणि लिहिता येईना. पातेल्याला पुसून घेतलेलं वरण, अर्धी भाकरी. अंडं नव्हतंच. चार कोंबड्यांची अंडी, दोन अण्णांची, उरलेली गल्लीत. तीन महिने मी वाट्या मोजत होते. आहारशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेली मुलगी, आणि मोजायचं माणूस पातेल्यामागे बसलेलं मला दिसलं नव्हतं. अण्णांनी आपल्या ताटातलं एक अंडं उचलून तिच्या ताटात ठेवलं. “लिही,” मला म्हणाले. “दोघांचं एक-एक.”

दिवाळीच्या आसपास मी ‘निकाल लागला’ म्हणून सांगितलं. पेढे वाटले. लगेच म्हणाले, की आता नोकरी लागायला वही लागते. नोकरी लागली, तशी नोकरी टिकायला वही लागू लागली. आजही मी रविवारी घरी गेले की माय आठवड्याचं सांगते आणि मी लिहिते. तिचे केस पिकले, कोंबड्या गेल्या, अंडी आता दुकानातून येतात. गेल्या महिन्यात तिचं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन बारा निघालं. माझ्या पेशंटांत इतकं क्वचित कुणाचं असतं.

परवा माझ्या बाकावर सह्यांसाठी आलेल्या पोरींच्या शेजारी खेळाचे सर बसलेले दिसले. निवृत्त होऊन वर्षं झाली, साखर वाढली म्हणून आहार लिहून घ्यायला आले होते. मी त्यांना कमी गोड लिहून देत होते आणि ते वाकून माझं अक्षर बघत होते. मध्येच म्हणाले, “तुझे वडील बरे आहेत का? एकदा कॉलेजात आले होते माझ्याकडे. तुझा निकाल लागला त्या जूनमध्ये.”

मी पेन थांबवलं.

“मिलच्या कपड्यांतच आले. हात जोडून म्हणाले, ‘साहेब, मी सगळं खाल्लं. चुकलं-माकलं माझं आसंल, पोरीचा निकाल देऊन टाका.’ मला काही समजेना. मी म्हणालो, अहो, ती तर पहिल्या वर्गात पास झाली, चला दाखवतो. फलकापाशी नेलं. तुझ्या नावावर बोट ठेवून वाचून दाखवलं. बराच वेळ उभे होते तिथे. मग म्हणाले, ‘तिला सांगू नका मी आल्तो म्हणून.’ जाताना फाटकापासून परत फिरले आणि मला विचारलं, ‘साहेब, अशी वही बायामाणसाची बी असती का?’ मी म्हणालो, असते की.”

संध्याकाळी मी घरी गेले. अण्णा ओट्यावर बसले होते, भुवया आता पांढऱ्या पण पुऱ्या वाढलेल्या. आत माय जेवत होती.

“अण्णा,” मी म्हणाले, “तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं? तुम्ही कॉलेजात गेल्ते?”

अण्णांनी दाराकडे नजर टाकली आणि ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल,” ते म्हणाले. “तिच्या कानावर गेलं तर उद्यापासून खायची बंद व्हईल.”